‘उत्पत्ती’पासून ‘प्रकटीकरणा’पर्यंत : एका पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे मोल



एखाद्या कलावंताचे नाव सर्वतोमुखी झाले, की त्याच्या पहिल्यावहिल्या कृतीचे काय करावयाचे, असा प्रश्न रसिकांपुढे उभा राहतो. अशा वेळी दोन वाटा सोप्या असतात. ती कृती म्हणजे पोरवयातील खेळ होता, असे म्हणून ती बाजूस सारावयाची, ही एक वाट. पुढचे सारे वैभव तीत बीजरूपाने होतेच, असे म्हणून तिची आरती ओवाळावयाची, ही दुसरी. दोन्ही वाटांनी गेले असता मूळ कृती शांतपणे ऐकण्याचे श्रम वाचतात. पण त्या श्रमांवाचून न्याय होत नाही. आज मी ज्या ध्वनिमुद्रिकेविषयी बोलणार आहे, तिच्या वाट्याला हा दुहेरी अन्याय पुरेपूर आलेला आहे.

ही ध्वनिमुद्रिका ‘जेनेसिस’ या इंग्लिश वृंदाची. डेका कंपनीने ती मार्च १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘फ्रॉम जेनेसिस टू रेव्हिलेशन’. बायबलातील पहिल्या ग्रंथास मराठीत ‘उत्पत्ती’ म्हणतात आणि शेवटच्या ग्रंथास ‘प्रकटीकरण’. तेव्हा या नावाचा अर्थ ‘उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत’, म्हणजेच पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, असा होतो. नाव केवढे मोठे! आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी गीते रचणाऱ्या चौघांची वये पाहावीत, तर अवघी सोळा ते अठरा. याच वृंदाने पुढे १९७२ मध्ये ‘फॉक्सट्रॉट’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली व तीत ‘सपर्स रेडी’ नावाची सुमारे २३ मिनिटांची एकच रचना सादर केली. ती आज या संगीतप्रकारातील श्रेष्ठ कृतींत गणली जाते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पहिल्या ध्वनिमुद्रिकेने जे नाव घेतले, ते तिला पेलले नाही; ते सार्थ झाले ‘सपर्स रेडी’मध्ये. मधल्या चार वर्षांत या मुलांचे सामर्थ्य वाढले, हे खरेच. परंतु त्याहूनही महत्त्वाचे असे, की त्यांना आपल्या विषयाच्या मापाचे भांडे सापडले. म्हणून पहिल्या कृतीचे मोल ठरविताना भांडे आणि त्यातील द्रव्य ही दोन निरनिराळी करून पाहिली पाहिजेत.

तीन मिनिटांचे गीत

रॉक संगीताचा मूळ घाट लहान आहे. एक कडवे, मग ध्रुवपद, पुन्हा कडवे, पुन्हा ध्रुवपद, आणि दोन-तीन मिनिटांत समाप्ती. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीच्या एका बाजूवर मावेल, एवढीच त्याची लांबी. १९६७ साली बीटल्सची ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि संपूर्ण दीर्घ तबकडी हीच एक कृती मानावी, ही कल्पना लोकांत रुजली. त्याच वर्षी ‘मूडी ब्लूज’ या वृंदाने एका दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरांवर गीते रचून त्यांच्या जोडीला मोठा वाद्यवृंद बसविला. या वाटेने पुढे जाऊन जे संगीत निर्माण झाले, त्यास ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ असे नाव पडले. दीर्घ रचना, मध्येच पालटणारे ठेके, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे संस्कार, पुराणकथांतून व साहित्यातून घेतलेले विषय, ही त्याची लक्षणे होत.

या संगीतात काही वृंद जन्मतःच प्रौढ होते. ‘किंग क्रिम्सन’ची पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६९ मध्ये निघाली. तीत अवघ्या पाच रचना आहेत, आणि त्या वृंदाने पुढे कितीही वळणे घेतली तरी त्या पाच रचनांशी तुलना केल्यावाचून कोणी राहात नाही. ‘जेनेसिस’चे नेमके उलट झाले. तिची पहिली ध्वनिमुद्रिका याच वर्षाच्या आरंभी निघाली, आणि तीवरून पुढची कल्पना कोणास करता येणे कठीण होते.

शाळेतील चौघे

इंग्लंडमध्ये सरे परगण्यात गोडाल्मिंग या गावी चार्टरहाउस नावाची जुनी निवासी शाळा आहे. १६११ साली ती लंडनमध्ये एका जुन्या मठाच्या जागी स्थापन झाली व १८७२ साली गोडाल्मिंगला हलली. या शाळेत १९६० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांचे दोन लहान वृंद होते. एकात पीटर गेब्रिएल व टोनी बँक्स, दुसऱ्यात अँथनी फिलिप्स व माइक रदरफोर्ड. १९६७ साली हे चौघे एकत्र आले. गेब्रिएल गात असे व बासरी वाजवीत असे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांच्या, विशेषतः ओटिस रेडिंगच्या, गायनाने त्याला वेड लावले होते. बँक्स पियानो शिकलेला होता. फिलिप्स व रदरफोर्ड गिटार वाजवीत.

याखेरीज चौथा संस्कार होता, तो शाळेच्या प्रार्थनामंदिराचा. तेथे गायिल्या जाणाऱ्या स्तोत्रांचा आपल्यावर परिणाम झाला, असे गेब्रिएल व बँक्स या दोघांनीही बोलून दाखविले आहे. ज्यांनी चर्चमध्ये ऑर्गनच्या साथीने समुदायाने गायिलेली स्तोत्रे ऐकली असतील, त्यांना यातील मर्म सहज उमगेल. स्तोत्राची चाल साधी असते. आबालवृद्धांस ती म्हणता यावी, म्हणून ती जवळजवळच्या स्वरांवरून चालते. परंतु त्या चालीखाली ऑर्गनवरील स्वरसमूह जवळजवळ प्रत्येक अक्षराला पालटत जातो. वर साधेपणा आणि खाली सतत हालचाल, असा हा प्रकार आहे. ‘जेनेसिस’च्या उत्तम रचनांत बँक्सच्या बोटांखाली पुढे हेच दिसून येते, आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेतही त्याच्या खुणा जागोजागी आहेत.

परीक्षकाच्या आवडीचा निबंध

याच शाळेचा एक माजी विद्यार्थी जोनाथन किंग हा १९६५ साली ‘एव्हरीवन्स गॉन टू द मून’ या गीताने प्रसिद्धीस आला होता. १९६७ मध्ये या मुलांच्या गीतांची ध्वनिफीत त्याच्या हाती पडली. गेब्रिएलचा आवाज त्याला आवडला. त्याने मुलांना डेका कंपनीचे दार उघडून दिले, वृंदाचे नाव ठेवले आणि निर्मात्याची सूत्रे आपल्या हाती घेतली.

किंगला सुटसुटीत, गुणगुणता येण्याजोगी गीते हवी होती. मुले लांबलचक रचना करू लागली की त्याचा उत्साह मावळे. तेव्हा त्याला ‘बी जीज’ हा वृंद प्रिय आहे, हे ध्यानी घेऊन मुलांनी त्या धर्तीवर ‘द सायलेंट सन’ हे गीत रचले. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्याची छोटी तबकडी निघाली. मे महिन्यात दुसरी निघाली. दोन्ही चालल्या नाहीत. शाळेत शिकविणाऱ्या प्रत्येकास हा प्रकार ओळखीचा वाटेल. हुशार विद्यार्थी परीक्षकाची आवड हेरतो व तसा निबंध लिहून देतो. निबंधात व्याकरणाचा दोष नसतो, गुणही बरे पडतात. मात्र त्यात तो मुलगा कोठेच सापडत नाही.

इतके होऊनही किंगने दीर्घ तबकडीची संधी दिली, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. बायबलचा धागा गीतांतून ओवावा, ही कल्पनाही त्याचीच. ऑगस्ट १९६८ मध्ये, शाळेच्या उन्हाळी सुट्टीत, लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवरील रीजंट साउंड स्टुडिओत थोडक्या दिवसांत ध्वनिमुद्रण आटोपले. मुलांचे काम संपल्यावर आर्थर ग्रीन्स्लेड या संयोजकाकडून व्हायोलिनादी तंतुवाद्ये व पितळी वाद्ये वरून चढविण्यात आली. त्यासाठी मुलांचे सारे वादन एका बाजूच्या ध्वनिमार्गात कोंबले गेले आणि नवी वाद्ये दुसऱ्या बाजूस मांडली गेली. फिलिप्सला याचा फार संताप आला. ज्या गिटारींवर त्याने जीव लावला होता, त्या गोड गोड व्हायोलिनांमागे दडून गेल्या होत्या.

यावर कळस म्हणजे वेष्टन. ‘जेनेसिस’ नावाचा दुसरा एक वृंद अमेरिकेत आहे, असे डेका कंपनीच्या ध्यानात आले. तेव्हा वेष्टनावर वृंदाचे नावच छापले नाही. काळ्या पुठ्ठ्यावर जुन्या वळणाच्या सोनेरी अक्षरांत ‘फ्रॉम जेनेसिस टू रेव्हिलेशन’ एवढेच शब्द. दुकानदारांनी ती तबकडी धार्मिक संगीताच्या खणात ठेवून दिली. वर्षभरात साडेसहाशेच्या जवळपास प्रती खपल्या, असे बँक्सने सांगितले आहे.

पहिल्या तबकडीत काय आहे?

आता प्रत्यक्ष ध्वनिमुद्रिकेकडे वळू. तीत तेरा गीते आहेत व एकूण वेळ सुमारे ४३ मिनिटे. म्हणजे सरासरी प्रत्येक गीत तीन मिनिटांहून थोडे अधिक. ‘इन द बिगिनिंग’ हे सृष्टीच्या आरंभाचे गीत आहे. ‘द सर्पंट’ म्हणजे एदेन बागेतील सर्प. ‘इन द विल्डरनेस’ म्हणजे अरण्यात, आणि ‘इन लिम्बो’ म्हणजे स्वर्ग-नरकाच्या उंबरठ्यावरील अवस्थेत. शीर्षके वाचून वाटते, की बायबलच्या यात्रेचे मुक्काम एकामागून एक येणार. ऐकू लागल्यावर मात्र निराळेच दिसते. सृष्टी निर्माण होते, सर्प येऊन जातो, आणि मग आपण एकदम पौगंडवयातील एकांतात, खिडकीत, शेकोटीपाशी व अबोल प्रीतीत येऊन पडतो. शेवटचे गीत संपते, तरी प्रकटीकरणाचा पत्ता नसतो.

असे का झाले, याचा उलगडा १९९८ साली झाला. त्या वर्षी वृंदाने आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संच प्रसिद्ध केला. त्यात ‘शी इज ब्युटिफुल’, म्हणजे ‘ती सुंदर आहे’, या नावाचे गीत आहे. हेच गीत पुढे ‘द सर्पंट’ झाले! ‘पॅट्रिशिया’ हे एक शब्दविरहित वादन आहे. ते पुढे ‘इन हायडिंग’ या गीतात परिणत झाले. याचा अर्थ असा, की संगीत आधी होते व बायबलचा अंगरखा मागाहून चढविलेला होता. वेष पुराणाचा आणि आतील माणूस सतरा वर्षांचा. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील खरा उणेपणा येथे आहे. त्यात श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचा प्रश्न नाही. विषय रचनेच्या आतून उगवलेला नाही, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

परंतु दोषांबरोबर गुणही सांगितले पाहिजेत. पहिला गुण गेब्रिएलच्या आवाजाचा. अठराव्या वर्षीच त्याच्या आवाजात एक किंचित खरखरीत, आर्त धार आहे. गोड चाल तो गोड गात नाही, तिला थोडी दुखवून गातो. दुसरा गुण चालींचा. ‘फायरसाइड साँग’च्या आरंभीचा पियानो किंवा ‘इन द विल्डरनेस’चे ध्रुवपद एकदा ऐकले, तर दोन दिवस कानांत राहते. तिसरा गुण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. काही गीतांच्या मधोमध वादनाचे छोटे तुकडे घातले आहेत, जेणेकरून एक गीत दुसऱ्यास जोडले जावे. हे तुकडे अपुरे आहेत, क्वचित ओबडधोबड आहेत. परंतु त्यांवरून दिसते, की तीन मिनिटांची कुंपणे या मुलांना तेव्हाच जाचत होती. वृत्ती दीर्घ रचनेची आणि परवानगी लहान गीताची, अशा ओढाताणीत ही तबकडी जन्मास आली आहे.

वर उल्लेखिलेल्या संचात ‘वन डे’ व ‘इन द विल्डरनेस’ ही दोन गीते तंतुवाद्यांवाचून ऐकावयास मिळतात. जिज्ञासूंनी ती अवश्य ऐकावी. भिंतीवरील जाड रंग खरवडल्यावर खाली जुने चित्र दिसावे, तसा अनुभव येतो. रचना त्याच, मुले तीच. परंतु चार जण एका खोलीत बसून एकमेकांकडे पाहात वाजवीत आहेत, हे आता जाणवते.

स्वतःची म्हणावी अशी जागा

या ध्वनिमुद्रिकेतील शेवटच्या गीताचे नाव ‘अ प्लेस टू कॉल माय ओन’, म्हणजे ‘माझी म्हणता येईल अशी जागा’. ती जागा त्यांना पुढल्या हिवाळ्यात मिळाली. १९६९ च्या उन्हाळ्यात चौघांनी संगीत हाच व्यवसाय करावयाचा, असे ठरविले. बँक्सने त्यासाठी विद्यापीठाचे शिक्षण सोडले. एका मित्राच्या आईवडिलांचे डॉर्किंगजवळ एक खेड्यातील घर रिकामे होते. तेथे १९६९ च्या अखेरीपासून १९७० च्या वसंतापर्यंत ते राहिले आणि दिवसाचे अनेक तास केवळ वाजवीत बसले. डोक्यावर निर्माता नाही, घड्याळ नाही, सुट्टी संपण्याची भीती नाही. फिलिप्स व रदरफोर्ड यांच्या बारा तारांच्या गिटारींचा जो झुळझुळता नाद पुढे या वृंदाची ओळख ठरला, तो याच घरात तयार झाला.

टोनी स्ट्रॅटन-स्मिथ याच्या करिश्मा या कंपनीने त्यांना करारबद्ध केले, आणि ऑक्टोबर १९७० मध्ये ‘ट्रेस्पास’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली. पहिलीत तेरा गीते होती, हीत सहा. हा एक आकडादेखील पुरेसा बोलका आहे. ‘द नाइफ’ ही तिची अखेरची रचना जवळजवळ नऊ मिनिटांची आहे, आणि तिचा आवेश ऐकल्यावर वर्षापूर्वीची गोड व्हायोलिने आठवून हसू येते.

येथे ‘बीज’ मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ‘ट्रेस्पास’ निघण्यापूर्वीच, जुलै १९७० मध्ये, फिलिप्स वृंद सोडून गेला; लोकांपुढे वाजविण्याची भीती व ढासळलेली प्रकृती ही त्याची कारणे होती. ऑगस्टमध्ये तालवादक फिल कॉलिन्स आला व पुढील वर्षाच्या आरंभी गिटारवादक स्टीव्ह हॅकेट. १९७१ मधील ‘नर्सरी क्राइम’ आणि १९७२ मधील ‘फॉक्सट्रॉट’ या दोहोंचे वैभव या दोघांवाचून संभवत नव्हते. आणि पहिल्या तबकडीत तर हे दोघे नव्हतेच. मग सारे काही तीत बीजरूपाने होते, असे कसे म्हणावे?

तेवीस मिनिटांचे प्रकटीकरण

‘सपर्स रेडी’ म्हणजे ‘भोजन तयार आहे’. रचनेचे सात भाग आहेत. आरंभ एका घरगुती खोलीत होतो. दोन प्रेमिक समोरासमोर आहेत. पाहता पाहता चेहरा पालटतो, आणि श्रोता घरातून उचलला जाऊन युद्धे, भोंदू धर्मगुरू, फूल होऊन बसलेला मनुष्य आणि चमत्कारिक शेतमळा अशा दृश्यांतून फिरविला जातो. या कल्पनेचा उगम एका रात्री आलेल्या विलक्षण अनुभवात आहे, असे गेब्रिएलने सांगितले आहे.

सहावा भाग ‘अपोकॅलिप्स इन ९/८’. नावातच तालाचे गणित आहे. कॉलिन्स, रदरफोर्ड व हॅकेट हे तिघे नऊ मात्रांचे एक आवर्तन धरून बसतात. सूर जवळजवळ एकाच जागी खिळलेला. त्याच्यावर बँक्स ऑर्गन वाजवितो, पण तो त्या आवर्तनाशी बांधून घेत नाही. खाली ठेक्याचे चाक एका गतीने फिरते आहे आणि वर ऑर्गनचे बोल आपल्याच हिशेबाने वळताहेत. दोहोंची गाठ पडेल पडेल म्हणता सुटते. आपल्याकडे तबल्याचा ठेका स्थिर असताना गायक समेला हुलकावणी देतो, तेव्हा जी उत्कंठा लागते, तिच्याशी याचे दूरचे नाते आहे. ही उत्कंठा कळसास पोचते तोच गेब्रिएलचा आवाज ‘प्रकटीकरणा’च्या तेराव्या अध्यायातील ६६६ हा श्वापदाचा अंक उच्चारीत प्रवेश करतो.

या स्थळाची एक हकिकत उद्बोधक आहे. हा भाग केवळ वादनाचा राहणार, अशी बँक्सची समजूत होती. आपल्या ऑर्गनवर गेब्रिएल गाऊ लागला, हे ऐकून प्रथम तो चिडला. मग ऐकता ऐकता तो प्रवेश त्याला इतका आवडला, की हे स्थळ त्याला प्रिय होऊन बसले. पहिल्या तबकडीशी ताडून पाहा. तेथेही मुलांच्या वादनावर वरून काही चढविले होते. पण ते परक्याने, त्यांच्या पश्चात, खपाच्या हिशेबाने. येथे वरून चढविणारा आपल्यातलाच आहे, आणि तो रचनेला पुढे नेतो आहे. भर घालण्याला माझा विरोध नाही. कोण घालतो, केव्हा घालतो व कशासाठी घालतो, यावर सारे अवलंबून असते.

सातव्या भागात पहिल्या भागातील चाल परत येते, दुसऱ्या भागातील भव्य सुरावट तिच्यात मिसळते, आणि नव्या जेरुसलेमच्या दर्शनाने रचना संपते. येथे विषय व घाट यांचे खरे लग्न लागते. पुष्कळांची समजूत असते, की ‘प्रकटीकरण’ म्हणजे केवळ विनाशाचे पुस्तक. ज्याने ते अखेरपर्यंत वाचले आहे त्यास ठाऊक असते, की ते एका नगरीत, अश्रू पुसणाऱ्या देवाच्या सान्निध्यात संपते. त्याच्या एकोणिसाव्या अध्यायात दोन भोजने आहेत. एक कोकराच्या विवाहाचे मंगल भोजन. दुसरे, सूर्यात उभ्या असलेल्या देवदूताने आकाशातील पाखरांना रणभूमीवर बोलावून वाढलेले भयंकर भोजन. ‘भोजन तयार आहे’ या साध्या, स्वयंपाकघरातून ऐकू यावे अशा वाक्यात गेब्रिएलने ही दोन्ही भोजने आणि घरी परतणे, असे तीन अर्थ एकत्र बांधले. तो काही धर्मोपदेशक नव्हे, आणि या रचनेत थट्टा व शब्दांचे खेळही विपुल आहेत. तथापि भयातून घराकडे, ही त्या पवित्र ग्रंथाची दिशा त्याने अचूक पकडली आहे. ही दिशा दाखवावयास प्रवास घडावा लागतो, आणि प्रवासाला वेळ लागतो. तीन मिनिटांत मनुष्याला घरातून बाहेर काढता येते. परत आणता येत नाही.

आणि हे करते वेळी गेब्रिएल व बँक्स यांचे वय होते बावीस. पहिल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाला केवळ चार वर्षे झाली होती.

उत्तरकाळाची दुसरी बाजू

मग लहान गीत हा घाटच हलका, असे समजावयाचे काय? नाही. ‘जेनेसिस’चाच पुढील इतिहास तसे म्हणू देत नाही. १९७३ मध्ये ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ निघाली. १९७४ मध्ये ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ ही दोन तबकड्यांची एकसंध कथा आली. तिचा पूर्वार्ध भरीव आहे. उत्तरार्धात मात्र कथेचा गुंता संगीतास जड होतो, असे माझे मत आहे. भांडे लहान असले तर द्रव्य सांडते, तसे ते फार मोठे असले तर तळाशी खडखडते. १९७५ मध्ये गेब्रिएलने वृंद सोडला, १९७७ मध्ये हॅकेटने. उरलेल्या तिघांनी १९७८ साली ‘फॉलो यू फॉलो मी’ हे साधे प्रेमगीत रचले व ते मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय झाले. १९८६ सालच्या ‘इन्व्हिजिबल टच’ या ध्वनिमुद्रिकेतील पाच गीते अमेरिकेत पहिल्या पाचांत पोचली. म्हणजे ज्या सुटसुटीत, गुणगुणता येणाऱ्या गीताची मागणी १९६८ साली केली गेली होती, ते त्यांना साधले. पण स्वतःच्या इच्छेने, आणि त्या घाटाला शोभेल असा विषय हाती असताना.

एक गोष्ट मात्र नंतरच्या कोणत्याही कृतीत परत आली नाही. ती म्हणजे पहिल्या तबकडीतील कोवळे, निःसंकोच गांभीर्य. पुढे गेब्रिएल मुखवटे घालून रंगमंचावर येऊ लागला; गंभीर बोलण्यापूर्वी थट्टेची ढाल पुढे करू लागला. सतराव्या-अठराव्या वर्षी ही ढाल नसते. सृष्टीचा आरंभ, पाप, एकांत, प्रीती, या शब्दांना मुलगा उघड्या हातांनी शिवतो. त्यामुळे काही ठिकाणी ऐकणाऱ्यास थोडे अवघडल्यासारखे होते. पण त्या अवघडण्यातच त्या गीतांचा खरेपणा आहे.

निवाडा

पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे हक्क जोनाथन किंगकडे राहिले. त्यामुळे ती निरनिराळ्या नावांनी व वेष्टनांनी पुन्हा पुन्हा निघत राहिली. आणि २००७-०८ साली वृंदाने आपल्या कृतींची नवी संस्कारित आवृत्ती काढली, तेव्हा तीत आरंभ ‘ट्रेस्पास’पासूनच होता. २६ मार्च २०२२ रोजी लंडनमध्ये ‘जेनेसिस’चा अखेरचा कार्यक्रम झाला. म्हणजे कुटुंबाच्या अधिकृत वंशावळीत थोरल्या अपत्याची नोंद जवळजवळ नाहीच.

माझा निवाडा असा आहे. ‘फ्रॉम जेनेसिस टू रेव्हिलेशन’ ही श्रेष्ठ कृती नाही. ‘फॉक्सट्रॉट’च्या शेजारी ठेवली असता ती फिकी पडते, आणि तिचे नाव तिच्याहून मोठे आहे. तथापि ती चूक नव्हे. चूक तीत आहे ती घाटाच्या निवडीची व वरच्या लेपाची. आणि या दोन्ही गोष्टी मुलांच्या नव्हत्या. मुलांचे जे होते, म्हणजे आवाज, चाली, स्तोत्रांतून आलेली स्वरसमूहांची जाण व गीताला गीत जोडण्याची धडपड, ते टिकले आणि पुढे कामास आले. शिवाय पहिली तबकडी पडली नसती, तर काय झाले असते? ‘द सायलेंट सन’ खपले असते, तर तशीच आणखी दहा गीते त्यांच्याकडून मागून घेतली गेली असती. अपयशाने त्यांना डॉर्किंगच्या घरातील मोकळे दिवस दिले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ज्यांना ही तुलना स्वतः करून पाहावयाची असेल, त्यांनी आधी तंतुवाद्यांवाचूनची ती दोन गीते ऐकावी, मग पहिली ध्वनिमुद्रिका, आणि मग एखाद्या निवांत संध्याकाळी ‘सपर्स रेडी’ अखंड ऐकावी. या क्रमाने ऐकले असता पहिली कृती दुसरीची गरीब बहीण वाटत नाही. जो प्रश्न १९७२ मध्ये सुटला, तो १९६८ मध्ये विचारला गेला होता, हे ध्यानात येते.

आणि आम्हां वडीलधाऱ्यांस यात शिकण्याजोगे एवढेच आहे: होतकरू मुलांना दार उघडून द्यावे, साहित्य द्यावे, जागा द्यावी. त्यांच्या गाण्यावर आपली व्हायोलिने चढविण्याची घाई करू नये.